चेलो आणि व्हिसल : मराठवाड्यातील लोकगीतांचे जोडवादन

लोकगीत दोघांनी मिळून वाजवायचे असेल, तर कोणत्या वाद्याने काय बोलायचे हे आधी ठरवावे लागते. चेलो (गजाने वाजवायचे, खर्जाच्या आवाजाचे मोठे पाश्चात्य तंतुवाद्य) आणि अलगुजासारखी उभी धरून फुंकायची सहा छिद्रांची व्हिसल या जोडीसाठी त्याचा उत्तम नमुना आपल्याकडच्या गोंधळात आहे. तुळजापूर-माहूरच्या परंपरेतला गोंधळी गातो, तुणतुणे त्याला अखंड सूर देते, संबळावर ताल धरला जातो आणि झीलकरी झील ओढतो, म्हणजे ओळीचा शेवट उचलून साथ देतो. व्हिसलने गायकाची जागा घ्यावी. उरलेली तिन्ही कामे चेलोची, आणि माझ्या मते या जोडवादनाची खरी गोडी त्यांतच आहे.

प्रथम षड्ज, म्हणजे सा, ठरवावा. डी पट्टीच्या व्हिसलची सर्व छिद्रे बंद केली की पांढरी दोन, म्हणजे हार्मोनियमवरचा डी सूर, वाजते. चेलोच्या सी, जी, डी, ए या तारांतही तो सूर असल्यामुळे त्यालाच सा मानण्याचा मोह होतो. परंतु चाल षड्जाखाली उतरली, तर व्हिसलवर पुढे जागाच उरत नाही. त्याऐवजी वरची तीन छिद्रे बंद करून मिळणारी पांढरी पाच (जी) सा धरावी. मग खाली निषाद, धैवत, पंचम हाती राहतात आणि चेलोच्या जी व डी या शेजारच्या मोकळ्या तारा षड्ज-पंचम होतात. शुद्ध मध्यमासाठी वरचे पहिले छिद्र उघडे, दुसरे-तिसरे बंद आणि खालची तिन्ही उघडी ठेवावीत. काफी रागाच्या अंगाची चाल असेल, तर हेच सूर कायम ठेवून पांढरी सहाला (ए) सा मानावे. गांधार आणि निषाद आपोआप कोमल होतात.

व्हिसल थंड असताना उतरलेली आणि श्वासाने तापल्यावर चढलेली वाजते. म्हणून ती काही मिनिटे फुंकून घ्यावी आणि मगच चेलो तिच्याशी जुळवावा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात चेलोचे लाकूड आकसते व खुंट्या सरकतात. पण म्हणून तो कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, कारण त्या दमट हवेने लाकूड फुगते आणि सूर पुन्हा हलतो.

सुरुवात जात्यावरच्या ओवीने करावी. तिची चाल थोड्याच सुरांत फिरते. ती स्वरलिपीवरून न उचलता, गाणाऱ्या एखाद्या आजीकडून ऐकून, दोन्ही वादकांनी आधी गळ्यातून म्हणावी. अक्षर जिथे तुटते तिथेच व्हिसलवर जिभेचा आघात यावा, एरवी श्वास सलग ठेवावा. पहिल्या ओळीत चेलोने जी आणि डी तारा एकत्र, हलक्या गजाने, केवळ तुणतुण्याच्या भूमिकेत धराव्यात. ओळ संपताना व्हिसलवादक श्वास घेतो, तेव्हा चेलोने ओळीचे शेवटचे तीन-चार सूर झील म्हणून उचलावेत. ही झील डी आणि ए तारांवरच घ्यावी, कारण व्हिसल फार उंच बोलते आणि सी तारेवरून दिलेले उत्तर तिच्यापासून तुटून पडते. कणस्वर (मुख्य सुराला निसटता लागणारा शेजारचा सूर) दोघांनी एकाच जागी घ्यावा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, मात्र चेलोला सोपी आणि व्हिसलवर छिद्र अर्धवट सरकवून कष्टाने येणारी असल्यामुळे ती चेलोने जपून वापरावी.

ओवी बसली की गोंधळाचे पद घ्यावे. येथे चेलोवादकाने गज न ओढता जी तार अंगठ्याने आणि डी तार बोटाने छेडावी; संबळाच्या टिपऱ्यांचा भास हवा असेल, तर गजाची काठी तारांवर हलकेच उसळू द्यावी. व्हिसलचे वरचे सप्तक जोरानेच फुंकावे लागते आणि खालचे मुळातच मऊ असते, त्यामुळे आवाजाचा समतोल सांभाळणे चेलोच्या हाती राहते: चाल खाली उतरली की छेडही हलकी करावी. लय वाढवण्याचा इशारा चेलोवादकानेच झील संपताना द्यावा, म्हणजे व्हिसलवादकाला पुढची ओळ नव्या लयीत, पूर्ण श्वास घेऊन उचलता येते.