ऑफिसातलं फोल्डर घरून उघडायचंय?
दादरच्या ऑफिसातलं शेअर केलेलं फोल्डर बोरिवलीच्या घरून हवंय, म्हणून राउटरवर ४४५ पोर्ट (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा दरवाजा) उघडू नका. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच विंडोज शेअरिंगमधल्या भोकातून पसरला होता. त्यापेक्षा ऑफिसात वायरगार्ड (घर ते ऑफिस सुरक्षित बोगदा करणारं व्हीपीएन) बसवा आणि राउटरवरून त्याचा एकच यूडीपी पोर्ट (सहसा ५१८२०) आत वळवा. फायरवॉललाही तेवढंच सांगायचं.

पण आधी ऑफिसच्या राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर इंटरनेटवाल्याने अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय; पोर्ट कितीही वळवा, फुकट. स्टॅटिक पब्लिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) मागा, नाहीतर सरळ टेलस्केल (पोर्ट न वळवता चालणारी व्हीपीएन सेवा) वापरा. हो, आणि घरी-ऑफिसात दोन्हीकडे आतल्या पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर एकीकडची बदला, नाहीतर पत्त्यांचा गोंधळ होतो.