नोट्स स्क्रीन रीडरला वाचता येईनात, मग काय केलं

आमच्या कॉलेजात (नाशिक, गंगापूर रोड साईड) एफवायला एक मुलगी आहे, तिला दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून अभ्यास करते, फुकट आहे आणि मराठीही वाचतं. पण इतिहासाच्या नोट्स उघडल्या की ते नुसती इंग्रजी अक्षरं बडबडायचं. ती म्हणाली, सर, पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा ना. टाकला तर सगळा कचरा! टायपिंग कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे दिसायला क, ख, ग पण आतले कोड इंग्रजी अक्षरांचे, आणि स्क्रीन रीडर आतलंच वाचणार.

मूळ फाईल सापडली तिथे कन्व्हर्टरने युनिकोड (ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात) करून घेतलं, सोपं काम, फक्त रफार आणि जोडाक्षरं तपासा, तिथे हमखास घोळ होतो. स्कॅन केलेली पानं गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) आपोआप होतं, मराठी बऱ्यापैकी ओळखतं, टेबलांची मात्र पार वाट लागते, ती हातानेच.

मग वर्डमध्ये मथळे नुसते बोल्ड न ठेवता हेडिंग स्टाईल दिली, आता ती एच दाबत दाबत धड्यात पाहिजे तिथे पोचते. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नकाशांच्या ऑल्ट टेक्स्टने, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनाने. "भारताचा नकाशा" एवढंच लिहून काय उपयोग, पानिपत दिल्लीच्या उत्तरेला आहे हे सांगायला नको?

आणि हो, पीडीएफ करताना प्रिंट टू पीडीएफ वापरू नका, हेडिंगचे टॅग (स्क्रीन रीडरला मथळा ओळखू येतो त्या खुणा) उडतात. सेव्ह ॲजमधूनच करा.