लिअँडरच्या किटमधून आयएनएस निलगिरी: १/६०० प्रमाणातील रूपांतर

भारतीय नौदलाच्या जुन्या युद्धनौकांची प्लास्टिकची किट बाजारात फारशी मिळत नाहीत, त्यामुळे ज्यांना आपल्या नौकेची प्रतिकृती हवी आहे त्यांना परदेशी नौकेचे किट घेऊन त्यात फेरफार करण्यावाचून गत्यंतर नसते. अशा कामासाठी एअरफिक्सचे १/६०० प्रमाणातील एचएमएस लिअँडर हे किट सोयीचे आहे, कारण मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १९७२ च्या जूनमध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस निलगिरी ही फ्रिगेट त्याच ब्रिटिश वर्गाच्या आराखड्यावर उभी राहिली होती. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी आल्या, पण रडार, क्षेपणास्त्रे आणि हेलिकॉप्टरची व्यवस्था नौकेगणिक बदलत गेली. तारागिरी आणि विंध्यगिरी यांचा तर मागचा भाग सी किंगसारखे मोठे हेलिकॉप्टर सामावण्यासाठी बराच वेगळा आखलेला होता. मूळ आराखड्याच्या सर्वांत जवळची असल्यामुळे पहिल्या रूपांतरासाठी निलगिरीच निवडावी.

चाकू हातात घेण्याआधी छायाचित्रे जमवावीत आणि नौका कोणत्या वर्षातली दाखवायची ते ठरवावे. इंटरनेटवर शोध घेताना एक गफलत हमखास होते: एफ ३३ हा क्रमांक आणि निलगिरी हे नाव १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झालेल्या नव्या फ्रिगेटलाही मिळाले असल्यामुळे आधी तिचीच छायाचित्रे समोर येतात, आणि सपाट तिरप्या भिंतींच्या त्या नौकेचा आपल्या कामाला काडीचाही उपयोग नाही. नौकेच्या डोलकाठीवर जाळीचे मोठे रडार आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ४.५ इंची जुळ्या तोफांचा घुमट दिसत असेल, तरच ते छायाचित्र आपल्या निलगिरीचे समजावे. दोन्ही बाजूंची आणि मागच्या टोकाची छायाचित्रे हाताशी असल्याखेरीज त्या त्या भागाला हात लावू नये.

या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साठ सेंटिमीटर, हे गणित टेबलासमोर लिहूनच ठेवावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरूनच होतात. सुमारे ११३ मीटर लांबीची नौका येथे १८९ मिमी भरते. किटमधला कठडा एक मिमी जाड असेल, तर आपण साठ सेंटिमीटर जाडीची पोलादी भिंत दाखवत आहोत, हे ध्यानात घेऊन त्याची आतली कड चाकूच्या पात्याने खरवडून पातळ करावी. बाहेरच्या कडेला मात्र हात लावू नये. हे काम कंटाळवाणे असले, तरी साध्या किटचे रूप त्याने जितके पालटते तितके महागड्या धातूच्या जोडभागांनीही पालटत नाही.

साहित्यासाठी ठाणे आणि नवी मुंबईकरांना फार वणवण करावी लागत नाही. सर्वांत बारीक तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत मिळते, आणि वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यात अशी दुकाने शोधावी लागत नाहीत. तेथे चाळीस गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार मागावी. ती साधारण ०.१२ मिमी जाडीची असून डोलकाठीच्या आडव्या काठ्यांना योग्य ठरते. चव्वेचाळीस गेजची तार ०.०८ मिमीच्या आसपास असते, म्हणजे प्रमाणात पाच सेंटिमीटरांहून थोडी कमी, आणि ती अँटेनांसाठी उपयोगी पडते. नवे भाग बनवण्यासाठी पॉलिस्टायरीनचा अर्धा मिमी आणि एक मिमी जाडीचा पत्रा लागतो, ज्याला व्यापारी हिप्स शीट म्हणतात. स्टेशनरीच्या दुकानातला सनबोर्ड मात्र घेऊ नये, कारण तो फुगवलेल्या पीव्हीसीचा असतो, त्याची कड भुसभुशीत राहते आणि किटचे प्लास्टिक जोडणारा चिकट द्रव, म्हणजे सिमेंट, त्याला धरत नाही. वॉटर पेपर, म्हणजे भिजवून वापरायचा घासकागद, ४००, ८०० आणि १२०० नंबरचा घ्यावा.

आता हलचा, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या मुख्य सांगाड्याचा प्रश्न. लिअँडर वर्गातल्या सुरुवातीच्या नौका सुमारे १२.५ मीटर रुंद होत्या, तर निलगिरी नंतरच्या रुंद आवृत्तीवर, म्हणजे सुमारे १३.१ मीटर रुंदीच्या आराखड्यावर बांधली गेली. फरक प्रमाणात बरोबर एक मिमीचा पडतो. तो भरून काढायचा असेल तर हलच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये तळाच्या रेषेवर एक मिमी जाडीची पट्टी बसवावी, पण ती नाळेच्या टोकापर्यंत तशीच नेऊ नये. पुढच्या एक चतुर्थांश लांबीत ती घासत घासत शून्यावर आणावी, नाहीतर पाणी कापणारी धारदार नाळ बोथट होऊन बसते. मग डेकच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मिमीची पट्टी लावावी लागते, आणि डेक रुंदावला की पुलाची (नौका चालवण्याच्या कक्षाची) व हँगरची (हेलिकॉप्टर ठेवण्याच्या खोलीची) रुंदीही तपासणे ओघानेच आले. माझ्या मते पहिल्या प्रतिकृतीत या फंदात पडू नये. शेजारी मूळ लिअँडर ठेवली तरच हा एक मिमी डोळ्याला जाणवतो, आणि तोच वेळ डोलकाठीवर खर्च केला तर त्याचे चीज होते.

हलचे अर्धे जोडल्यावर दोन दिवस तसेच राहू द्यावेत, कारण सिमेंटमुळे मऊ झालेले प्लास्टिक सुकताना थोडे आक्रसते आणि घाईने घासलेला सांधा रंगाखालून पुन्हा वर येतो. त्यानंतर पुट्टी भरून वॉटर पेपर पाण्यात भिजवून चालवावा.

शस्त्रांच्या बाबतीत निलगिरीवर सीकॅट क्षेपणास्त्रांचा एकच प्रक्षेपक हँगरच्या छपरावर होता, तर तिच्या पुढच्या नौकांवर दोन होते. हिमगिरी करायची झाल्यास हा भाग हाताने घडवावा लागेल. हेलिकॉप्टरच्या तळामागे खड्ड्यात बसवलेला लिंबो हा पाणबुडीविरोधी तोफगोळ्यांचा तीन नळ्यांचा उखळी संच असतो. किटमधल्या त्याच्या नळ्या जाड असतील तर त्या कापून तारेच्या लावाव्यात.

डोलकाठीवरचे ९६५ प्रकारचे रडार हा या प्रतिकृतीतला सर्वांत जास्त नजरेत भरणारा भाग आहे. किटच्या साच्यात ही जाळी भरीव किंवा जाडजूड उतरते, त्यामुळे तिची बाह्य चौकट मोजून घेऊन मूळ तुकडा बाजूला ठेवावा. धातूच्या कठड्यांची पत्री असेल, तर तिचे दोन-तीन तुकडे एकावर एक असे चिकटवावेत की आडव्या-उभ्या रेषांची जाळी तयार होईल, आणि मागून तारेचा आधार द्यावा. पत्री नसेल तर काचेवर चिकटपट्टी उलटी लावून तिच्यावर चव्वेचाळीस गेजची तार समांतर मांडावी, आडव्या तारा वरून टाकाव्यात आणि प्रत्येक छेदावर सुईच्या टोकाने सुपरग्लूचा बारीक कण ठेवावा. तार आधी दोन चिमट्यांत धरून हलकेच ताणली की तिच्यातला वेढा निघतो. हे न केल्यास जाळी वाकडीच होते.

किटसोबत ब्रिटिश वॉस्प हेलिकॉप्टर येते, निलगिरीला मात्र चेतक हवे. वॉस्पला चार पाती आणि चार चाके असतात, चेतकला तीन पाती आणि तीन चाके. शिवाय चेतकचे नाक मोठे, जवळजवळ पूर्ण काचेचे असते. पात्यांचा व्यास ११ मीटर धरला तर प्रमाणात तो साडेअठरा मिमीच्या आत येतो. वॉस्पचे धड सुधारण्यापेक्षा चेतकचे नवे धड रनरच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, जाड तुकड्यातून कोरणे मला सोपे वाटते, कारण या आकारात ओळख पटते ती गोल नाक आणि सडपातळ शेपूट यांवरून.

रंगकामाचा विचार ऋतू पाहून करावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढी वाफ असते की स्प्रेच्या डब्यातला लॅकर रंग सुकताना पांढुरका पडतो, इनॅमल कित्येक दिवस चिकट राहते आणि सुपरग्लूची वाफ आजूबाजूच्या भागावर पांढरी धूळ बसल्यासारखी गोठते. त्या चार महिन्यांत घासणे आणि जाळ्या विणणे उरकावे, आणि रंग दसऱ्यानंतर काढावेत. थांबणे शक्यच नसेल तर पाण्यातला ॲक्रिलिक वापरून प्रतिकृती सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात सुकवावी. डिकॅलचे, म्हणजे नौकेवर चिकटवायच्या छापील क्रमांक-चिन्हांचे, कागदही त्याच डब्यात ठेवावेत. हलचा फिकट करडा रंग डब्यातून जसाच्या तसा लावला तर या आकारात गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. डेक त्याहून गडद, पाणरेषेवर काळा पट्टा आणि खाली तांबडा. क्रमांकाच्या अक्षरांचा आकार व रंग ठरवलेल्या वर्षाच्या छायाचित्रावरूनच घ्यावा.

ध्वजाबाबत उत्साहाच्या भरात चूक होण्याचा संभव आहे. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोनी चिन्हाचा नौदल ध्वज सप्टेंबर २०२२ मध्ये स्वीकारला गेला. तो या नौकेवर कितीही लावावासा वाटला तरी निलगिरी १९९६ मध्येच निवृत्त झाली होती. तिच्यावर पांढऱ्या कापडावरचा तांबडा क्रूस आणि वरच्या आतल्या कोपऱ्यात तिरंगा हाच ध्वज हवा. तो पातळ कागदावर छापून पातळ केलेल्या फेविकॉलने दोरीवर दुमडावा आणि ओला असतानाच त्याला लाटा द्याव्यात. नौका समुद्रात दाखवली असेल तर तो मागच्या डोलकाठीच्या तिरप्या काठीवर जातो. बंदरात उभी असेल तर मागच्या टोकाच्या काठीवर, आणि तेव्हा नाळेवर तिरंगाही लागतो.

दोऱ्या सर्वांत शेवटी ओढाव्यात. किटच्या रनरचा तुकडा मेणबत्तीच्या बाजूला धरून मऊ झाला की ज्योतीपासून दूर घ्यावा आणि सावकाश ताणावा. सावकाश ताणले तर जाड धागा निघतो, झटक्याने ताणले तर केसाहून बारीक. धागा लागेल त्यापेक्षा जरा मोठा कापून एक टोक चिकटवावे, ते पूर्ण धरल्यावर दुसरे चिकटवावे आणि सैल राहिलेल्या धाग्याजवळून ज्योत विझवलेल्या उदबत्तीचे गरम टोक क्षणभर न्यावे, म्हणजे तो आपोआप ताठ होतो. यानंतर मॅट वार्निशचा एकच पातळ हात द्यावा, कारण दुसऱ्या हाताने जाळ्यांची भोके बुजू लागतात.