तीस हर्ट्झचे तीन आठवडे

माउस हलवला की बाण किंचित मागून यायचा. फरक केसभर, पण रोज आठ तास तो डोक्यात जायचा. मॉनिटर नवा कोरा, २७ इंची फोरके, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं मनातही आलं नाही. आधी इंटरनेटला शिव्या दिल्या, मग व्हीपीएनला. चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून आलो, तो होता तोच निघाला. तीन आठवड्यांनी भलतंच काही शोधताना डिस्प्ले सेटिंग उघडलं, तर रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, फक्त ३० हर्ट्झ.

इथे जरा पाल्हाळ लावतो, कारण आपटलो तो इथेच. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर लॅपटॉपचं पोर्ट, हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी), केबल आणि मॉनिटरचं इनपुट, सगळ्यांनाच ते पेलायला हवं. एक जरी कच्चा निघाला तरी सगळा कारभार त्याच्या चालीने चालतो. एचडीएमआय या चित्राच्या जोडणीची १.४ आवृत्ती फोरकेला ३० वर थांबते, ६० साठी २.० लागते. माझ्याकडे बाकी सगळं धड होतं, अडला तो मधला हब. त्याच्या खोक्यावर फोरके ठळक अक्षरांत आणि ३० हर्ट्झ पाठीमागे, मुंगीच्या अक्षरात.

हब असं का करतो? यूएसबी-सीच्या एकाच वायरीतून चित्रही न्यायचं आणि डेटाही. म्हणून बरेच हब वायरीतल्या चार वेगवान लेनपैकी, म्हणजे डेटाच्या वाटांपैकी, दोनच चित्राला देतात. डिस्प्लेपोर्ट या चित्राच्या दुसऱ्या जोडणीच्या १.२ आवृत्तीच्या वेगाने दोन लेनमध्ये फोरके ३० वरच अडकतं. मग प्रत्येक चित्र पडद्यावर ३३ मिलिसेकंद बसून राहतं, ६० वर ते साधारण १७ असतं. सिनेमात हे कळतच नाही, तो मुळात २४ फ्रेमचा. मी पहिल्या दिवशी नेमका सिनेमाच लावला होता आणि वा वा केलं होतं! तुम्ही माउस फिरवून बघा, लांबलचक एक्सेल शीट वरखाली करा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत सेटिंगमधला आकडा वाचा.

घाबरू नका, मॉनिटर बदलावा लागत नाही. मी यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घेऊन थेट जोडलं आणि बाण सुतासारखा सरळ आला. मात्र प्रत्येक सी पोर्टातून चित्र येतंच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात सी पोर्टातून चित्र पाठवायची सोय, म्हणजे डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट, लिहिलीय का ते बघा. फोनच्या चार्जरसोबत आलेली केबल इथे चालेल अशी आशा धरू नका. आणि दोन मॉनिटरचं स्वप्न असेल तर एम१ किंवा एम२ चिपचा मॅकबुक एअर बाहेरचा एकच चालवतो, हे आधीच माहीत असू द्या.

आमच्या टीममधल्या एका सीनियरने मला सांगितलं होतं, 'डोळे झाकून मोठा घे.' मॉनिटर घेताना डोळे झाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नये, एवढीही अक्कल मला नव्हती. 'टॉप टेन'वाले व्हिडिओ त्याहून वाईट. त्यातल्या एकालाही तुमच्या लॅपटॉपला कोणतं पोर्ट आहे हे ठाऊक नसतं.

खरं तर दिवसभर मेल आणि शीट असतील तर २४ इंची फुल एचडी पुरतो, उगाच कमीपणा वाटून घेऊ नका. तेच फुल एचडी २७ इंचावर ताणलं की इंचाला ८२ पिक्सेल उरतात आणि अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. त्या आकारात १४४०पी (२५६० गुणिले १४४० पिक्सेल) घ्या, इंचाला १०९ पडतात, स्केलिंगची, म्हणजे अक्षरं मोठी करून घ्यायची, कटकट नाही. पडद्याचं पॅनल आयपीएस या प्रकारचं. वक्र पडदा आणि १४४ हर्ट्झ खेळणाऱ्यांना लखलाभ.

स्टँडकडे मात्र मी बघितलंच नव्हतं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, माझी हनुवटीपाशी येत होती. उंची बदलत नाही, मागे वेसाची (आधाराचा आर्म बसवायची ठरावीक मापाची) भोकं नाहीत, म्हणजे आर्मही लावता येत नाही. सध्या तो दोन जाड शब्दकोशांवर उभा आहे.