अटॅचमेंट डिसऑर्डर असलेलं मूल वाढवताना या चुका टाळा

"एवढं करतो आम्ही, तरी साधा जवळ येत नाही." दत्तक किंवा सांभाळायला आणलेल्या मुलाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. पहिली चूक इथेच होते, ती म्हणजे मायेची परतफेड मागणं. तान्हेपणी रडल्यावर ज्याला कुणी उचललं नाही, किंवा ज्याचे सांभाळणारे हात सतत बदलत गेले, ते मूल मोठ्या माणसांवर भरवसा कसा ठेवणार? सांभाळणाऱ्यांशी मायेचं, भरवशाचं नातं नीट न जुळणं, यालाच अटॅचमेंट डिसऑर्डर म्हणतात. ते कृतघ्न नाही, सावध आहे.

उलट चूकही होते. अनोळखी माणसाच्या मांडीवर खुशाल जाऊन बसणाऱ्या मुलाचं 'किती लाघवी!' म्हणून कौतुक होतं. मिटून राहणं आणि कुणाशीही सलगी करणं, हे डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात (२०१३) दोन वेगळे विकार मानले आहेत. अशा वेळी ओरडू नका. 'आधी मला विचारायचं, मग जायचं' एवढा एकच नियम ठेवा आणि रोज तोच सांगा.

उशीखाली लपवलेला खाऊ सापडतो, त्याला मुंग्या लागलेल्या असतात, आणि घरात 'चोरी'ची चौकशी सुरू होते. अहो, ही चोरी नव्हे, उद्याची तरतूद आहे! त्याच्या नावाचा एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवा आणि तो कधी रिकामा पडू देऊ नका. लपवणं लगेच थांबणार नाही. महिने लागतील.

खोलीत एकटं कोंडणं किंवा 'परत पाठवून देईन' म्हणणं, हे तर त्याच्या जुन्या भीतीलाच खतपाणी. त्याला राग आला असेल तर त्याच खोलीत, दोन हात लांब, गप्प बसा.

सगळ्यात घातक म्हणजे बळजबरीने घट्ट धरून 'प्रेम जागवण्याचे' उपचार. २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत अशाच एका 'पुनर्जन्म' (रीबर्थिंग) सत्रात, म्हणजे पुन्हा जन्म घेतल्याचा अनुभव देण्याच्या प्रयोगात, १० वर्षांची मुलगी गुदमरून दगावली. असं काही कुणी सुचवलं तर सरळ उठून या.

घरबसल्या निदानही करू नका. काही लक्षणं ऑटिझमसारखी दिसतात, त्यामुळे बालमानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी हवीच.

आणि तुमचा तोल जाणार. गेला, की थोड्या वेळाने जाऊन म्हणा, "मी ओरडले, चुकलं माझं. मी इथेच आहे." ते भिंतीकडे तोंड फिरवेल. फिरवू दे. सकाळी नेहमीच्याच वेळी, नेहमीसारखंच उठवा.