वाढदिवसाच्या जेवणासाठी रेस्टॉरंट निवडताना: आधी उत्सवमूर्तीची खुर्ची

वडिलांना ७५ वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी आम्ही भावंडांनी गोव्यातल्या मांडवी नदीच्या काठावरचे एक नावाजलेले रेस्टॉरंट ठरवले. नदी दिसावी म्हणून वरच्या मजल्यावरचे टेबल मुद्दाम मागून घेतले. तिथे जायला अरुंद लोखंडी जिना आहे, हे त्या संध्याकाळी वडिलांचा हात धरून वर चढताना कळले. आठ वाजता गिटारवाला आला, त्याचा ध्वनिक्षेपक आमच्या टेबलापासून चार हातांवर होता, आणि थोड्या वेळाने वडिलांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले. जेवण उत्तम होते, फोटोही सुंदर आले. उत्सवमूर्तीने मात्र घरी परतल्यावर दहीभात कालवून घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे कोणाचाही वाढदिवस बाहेर साजरा करायचे ठरले की रेस्टॉरंटांची नावे निघण्याआधी मी येणाऱ्यांची नावे कागदावर उतरवते आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची अडचण लिहिते. फोंड्याच्या काकूंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, मावशी कांदा-लसूण खात नाही, भाच्याने सुंगटे (कोळंबी) किंवा तिसऱ्या (शिंपल्या) खाल्ल्या की त्याच्या अंगावर पित्त उठते, चुलतभावाची धाकटी नऊच्या ठोक्याला झोपते, आणि वाळपईहून येणाऱ्यांना रात्री परत जायला बस नसते. ही यादी पूर्ण झाली की मनात असलेली निम्मीअधिक ठिकाणे आपोआप गळतात आणि उरलेल्या चार-पाचांतून निवड करणे सोपे जाते. यादीत उत्सवमूर्तीचे नाव सर्वांत वर असावे आणि त्याच्यापुढे अडचणीबरोबर आवडही लिहावी, कारण ज्येष्ठांच्या सोयीच्या नावाखाली सोळा वर्षांच्या मुलीला तिच्याच वाढदिवशी सोलकढीवर समाधान मानायला लावणे हाही अन्यायच आहे. तिला मैत्रिणींबरोबर पिझ्झा खायचा असेल तर खुशाल खाऊ द्यावा आणि आजी-आजोबांसाठी रविवारी घरी वेगळे जेवण करावे. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर साधण्याचे आमचे प्रयत्न आजवर फसलेलेच आहेत.

यादीनंतर वार आणि तिथी पाहावी. गोव्यातील अनेक हिंदू घरांत सोमवारी मासळी शिजत नाही, काही घरांत गुरुवारही पाळला जातो, संकष्टी आणि एकादशी असतेच, आणि श्रावण लागला की जेवणात मासळी नसेल तर तोंड वाकडे करणारेही निमूटपणे शिवराक, म्हणजे शाकाहारी, होतात. वाढदिवस अशा दिवशी आला तर जेवण जवळच्या बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी ठेवावे, नाहीतर सरळ शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंट निवडावे. पणजी, म्हापसा, मडगाव आणि फोंडा या चारही शहरांत तशी रेस्टॉरंटे आहेत. मिश्र रेस्टॉरंटातही शाकाहारी पदार्थ मिळतात हे खरे, परंतु वार पाळणाऱ्या माणसाला ताटात काय आले यापेक्षा ते कोणत्या कढईतून आले याची चिंता अधिक असते. बटाट्याची किंवा सुरणाची कापे मासळी तळलेल्याच तेलात तळतात का, असे थेट विचारावे. समोरच्याने उत्तर देताना क्षणभर स्वयंपाकघराकडे पाहिले, तर उत्तर मिळाले असे समजावे.

महिन्याचाही विचार करावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे त्यानंतर तिकडची मासळी बर्फातून इकडे येते, आणि मेनूवरची नावे तीच राहिली तरी ताटातली चव तीच राहत नाही. या दोन महिन्यांत ज्यांचा वाढदिवस येतो त्यांनी इसवण (सुरमई) आणि पापलेट यांचा हट्ट सोडून कोंबडीची शाकुती, काफ्रेआल किंवा खतखते चांगले करणारे ठिकाण शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवजा खानावळी, पावसाळ्यापूर्वी मोडून ठेवले जातात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा उभे राहतात, म्हणून समुद्राकाठचा वाढदिवस हिवाळ्यातच शोभतो. मात्र नाताळापासून नववर्षापर्यंतच्या आठवड्यात किनारी पट्ट्यात टेबल मिळणे, तिथवर पोहोचणे आणि गाडी लावणे ही तिन्ही कामे कठीण असतात. त्या आठवड्यात जन्मलेल्यांनी निदान महिनाभर आधी टेबल राखून ठेवावे किंवा किनाऱ्याकडे पाठ फिरवून फोंडा, डिचोली अशा आतल्या भागात जावे.

जेवण दुपारी ठेवायचे की रात्री, याचा निर्णय सहसा सवयीने रात्रीच्या बाजूने होतो. माझा कौल दुपारला आहे. आपल्याकडे माशांची थाळी ही मुळात दुपारची गोष्ट आहे: शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेली तुकडी, तिसऱ्यांचे सुके, किसमूर (सुक्या मासळीचे तोंडीलावणे), सोलकढी हा सगळा थाट अनेक ठिकाणी फक्त दुपारीच मिळतो आणि रात्री एकेक पदार्थ मागवावा लागतो. शिवाय ज्येष्ठांना उजेडात ये-जा करता येते. दुपारची अडचण एवढीच की साधारण तीन वाजता बरीच रेस्टॉरंटे बंद होऊन संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात, आणि दीड वाजता जमलेल्या वीस जणांचा वाढदिवस अडीचपर्यंत आटोपत नाही. त्यामुळे साडेबाराची वेळ सांगावी, म्हणजे नातेवाईक एकपर्यंत येतात.

ठिकाणाची कीर्ती आणि ठिकाणाची सोय यांची गल्लत करू नये. साळगावचे फ्लोरेंटाइन काफ्रेआलसाठी ओळखले जाते, पणजीचे कॅफे टाटो भाजी-पुरीसाठी, कळंगुटचे सोझा लोबो तर १९३२ पासून चालू आहे. हे नाव पदार्थामुळे किंवा परंपरेमुळे झालेले असते. आपल्याला वीस माणसांना अडीच तास बसवायचे असते आणि तो प्रश्न वेगळा आहे. दोघांनी जाऊन खाण्याचे उत्तम ठिकाण वाढदिवसाला गैरसोयीचे ठरू शकते, आणि ज्याचे नाव कोणी घेत नाही असे तळमजल्यावरचे, शांत, भरपूर जागेचे रेस्टॉरंट मन जिंकून जाते.

हे इंटरनेटवरच्या ताऱ्यांवरून आणि छायाचित्रांवरून कळत नाही. निवड दोन ठिकाणांवर आली की एक आठवडा आधी, त्याच वारी आणि त्याच वेळी तिथे जाऊन जेवावे. मंगळवारी दुपारी शांत वाटणाऱ्या रेस्टॉरंटात शनिवारी रात्री बोललेले ऐकू येत नाही. गाडीतून उतरल्यापासून टेबलापर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजावे, आणि उतरण-वाट (रॅम्प) असेल तर तिच्यावर दुचाक्या उभ्या केलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, तिथे कमोड आहे का आणि फरशी ओली असते का, हे स्वतः आत जाऊन पाहावे. टेबल कसे मांडणार ते विचारावे, कारण वीस जणांना एका लांबलचक ओळीत बसवले की दोन टोकांचे नातेवाईक एकमेकांना केवळ हात हलवून निरोप देतात. दहा-दहांची दोन टेबले शेजारी लावून घेतली तर उत्सवमूर्तीला मधल्या जागेवरून दोन्हीकडे वळता येते. त्याच्या खुर्चीला पाठ आणि हात असावेत. पाठ नसलेल्या लाकडी बाकांवर बसवणारे रेस्टॉरंट दिसायला कितीही देखणे असले तरी साठीपुढच्या माणसासाठी ते निवडू नये.

त्याच फेरीत बाहेर पडण्याच्या वाटा पाहून घ्याव्यात. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला, त्यांत बहुतेक तेथील कर्मचारी होते. त्यानंतर तरी ही चौकशी करताना संकोच वाटण्याचे कारण उरलेले नाही. मुख्य दाराखेरीज दुसरे दार आहे का, ते उघडे असते की त्याच्यापुढे खोके रचलेले असतात, आणि अग्निशमन बंब दारापर्यंत येईल एवढा रस्ता आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ. वाढदिवसाला तर आग आपणच बरोबर नेतो. केकवर लावायची ठिणग्या उडवणारी मेणबत्ती बंद खोलीत, विशेषतः माडाच्या झावळ्यांच्या किंवा कापडी छताखाली, लावू नये, आणि मुलांनी फवारायचा कृत्रिम बर्फ पेटत्या मेणबत्तीजवळ मुळीच नेऊ नये, कारण त्या डब्यात ज्वलनशील वायू असतो. औक्षण करायचे असेल तर निरांजन चालेल का, हे व्यवस्थापकाला आधी विचारावे. आमचा अनुभव असा की आधी विचारले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने परवानगी मिळते, कधीकधी पाटही आणून देतात, आणि न विचारता काडी पेटवली तर वेटर धावत येतो.

ठिकाण पक्के झाले की व्यवस्थापकाशी बोलून ठरलेल्या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवाव्यात: दिनांक, वेळ, माणसांची संख्या, टेबलाची जागा, आगाऊ दिलेली रक्कम आणि माणसे कमी झाल्यास त्या रकमेचे काय होणार ते. केक बाहेरून आणायला परवानगी आहे का, तो ठेवायला फ्रिजमध्ये जागा आहे का आणि कापून वाढण्याचे वेगळे शुल्क घेतात का, हेही त्यात यावे. मे महिन्यात चॉकलेटचा केक तासभर टेबलावर ठेवला तर त्याच्यावरचे नाव वाचता येत नाही. पदार्थही आधीच ठरवावेत. वीस माणसांनी वीस मेनू उघडले की पहिला पदार्थ येईपर्यंत मुले रडू लागतात. चार-पाच पदार्थ सर्वांसाठी, मुलांसाठी काही तरी बिनतिखट, पथ्याच्या माणसांसाठी वेगळे, आणि शेवटी गोडाला बेबिंका किंवा मणगणे अशी आखणी पुरते. ॲलर्जी असलेल्या माणसाचे नाव सांगून भागत नाही, तर जेवणाच्या दिवशी तो कुठे बसला आहे ते वाढणाऱ्याला दाखवावे लागते.

मासळीच्या दराबाबत भिडस्तपणा महागात पडतो. चणक, इसवण, खेकडे आणि शेवंड यांच्यापुढे मेनूवर अनेकदा आकड्याऐवजी आकारानुसार दर असे लिहिलेले असते. अशा वेळी मासा ताटलीत आणून दाखवायला सांगावे, त्याचे वजन आणि पूर्ण किंमत विचारावी आणि मगच होकार द्यावा. पाहुण्यांसमोर हे बोलणे अवघड वाटत असेल तर घरातल्या एकाने पंधरा मिनिटे आधी पोहोचून हे काम उरकावे.

बिलाचा अंदाज घेताना कराचा दर विचारात घ्यावा. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, परंतु ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक आकारले जाते, त्याच्या आवारातील रेस्टॉरंटात तो १८ टक्के असतो. जेवणाचे १६,००० रुपये झाले तर पहिल्या ठिकाणी ८०० रुपये कर पडेल आणि दुसऱ्या ठिकाणी २,८८० रुपये. मद्य जीएसटीत येत नाही, त्याच्यावर राज्याचा वेगळा कर असतो. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले दिसले तर ते काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या योग्य ठरवल्या. वेटरला बक्षिसी अवश्य द्यावी, पण आपल्या हाताने. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापलेला असायला हवा. तो आहे की नाही, हे पाहणीच्या जेवणाच्या बिलावरच तपासून घ्यावे.

तरुणांच्या मेजवानीत दोन नियम आधीच सांगून टाकावेत. गोव्यात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, त्यामुळे अठराव्या वाढदिवसाला बिअर मागवण्याचा बेत कायद्यात बसत नाही. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, तेव्हा नाचायचे असेल तर जेवणाआधी नाचावे.

परतीचा विचार निवडीच्या वेळीच करावा लागतो. संध्याकाळ उलटली की गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या विरळ होतात आणि आडबाजूच्या रेस्टॉरंटापाशी रात्री टॅक्सी सहज मिळत नाही. गोवा माइल्सच्या ॲपवर ती मिळते, पण अकरा वाजता आतल्या रस्त्यावर तिच्या भरवशावर राहू नये. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तो कोणाच्या गाडीतून जाणार हे लिहावे आणि त्या गाडीच्या चालकाने त्या दिवशी सोलकढीच प्यावी. उत्सवमूर्ती दमली की तिला आधी घरी नेता यावे म्हणून एक गाडी दाराजवळ, इतर गाड्यांत न अडकता उभी राहील अशी जागा पाहणीच्या दिवशीच हेरून ठेवावी, आणि केकचा उरलेला तुकडा कोणत्या डब्यात जाणार तो डबा सकाळीच त्या गाडीत टाकावा.