मेंटेनन्स सॉफ्टवेअर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

मेंटेनन्स सॉफ्टवेअर म्हणजे मशीनच्या देखभालीची कामं आणि नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या स्क्रीनवर प्रतिबंधात्मक देखभालीची (बिघाड होण्याआधीच करायची) सगळी कामं वेळेत पूर्ण झालेली दिसतात आणि तरी उत्पादनाची लाइन आठवड्यातून दोनदा बंद पडते. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, दुसरं विकत घेतलं जातं आणि जुन्याच नोंदी त्यात ओतल्या जातात. खरी अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते. काम संपवून हात पुसत आलेला फिटर नोंद करायला बसतो, तेव्हा त्याला खरं लिहिणं सोपं जातं की अवघड? पुढच्या जवळपास सगळ्या चुका याच प्रश्नापाशी येतात.

डेमो पाहून खरेदी

डेमोमधल्या कारखान्यात प्रत्येक मशीनला नाव आणि नंबर असतो, प्रत्येक स्पेअर जागेवर असतो. तुमचा कारखाना तसा नाही. म्हणून विक्रेत्याला स्वतःची दहा मशीनं आणि गेल्या महिन्यातले खरे ब्रेकडाऊन द्या, आणि मॅनेजरला नव्हे, रात्रपाळीच्या फिटरला एक जॉब (कामाची नोंद) उघडून बंद करायला सांगा. त्याला किती वेळा बोट लावावं लागलं आणि तो कुठे अडला, ते शेजारी उभं राहून बघा. खरेदीचा निर्णय मी यावर सोडेन, रिपोर्टच्या रंगीत आलेखांवर नाही.

पंपहाऊस तळघरात असेल तर नेटवर्कशिवाय केलेली नोंद नंतर आपोआप वर चढते का, ते तिथे उतरूनच तपासा. ज्वलनशील वायू असणाऱ्या भागात साधा मोबाइल चालत नाही, त्या क्षेत्रासाठी प्रमाणित असलेलं उपकरण लागतं. तो खर्च आधीच धरा. आणि उद्या सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं, तर फोटोंसकट पूर्ण इतिहास बाहेर काढता येईल का, हे करारात लिहून घ्या.

मशीनची यादी घाईत भरणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती कळेपर्यंत वर्षभराचा इतिहास चुकीच्या जागी साठलेला असतो. एक मोटर पंप क्रमांक १ वर होती. ती जळली, रिवाइंडिंग (आतल्या तारा नव्याने गुंडाळणं) होऊन आली आणि पंप क्रमांक ३ वर बसली. सॉफ्टवेअरमध्ये फक्त ‘पंप १ मोटर’ अशी नोंद असेल, तर तिच्या जळण्याचा इतिहास पंप १ कडेच राहतो. तीच मोटर पंप ३ वर पुन्हा जळली, तर ती दोन वेगळ्या मोटरींची दोन वेगळी प्रकरणं दिसतात.

यावर उपाय म्हणजे जागा आणि वस्तू यांना वेगळे नंबर द्या. पंप १ ही जागा, आणि सीरियल नंबर असलेली मोटर ही वस्तू. मग जागा मोटरी खातेय (मोटर आणि पंप एका रेषेत नसलेले, पाया हललेला) की मोटरच कमजोर आहे, हे वेगळं करता येतं.

दुसरा प्रश्न, यादी किती खोलवर न्यायची याचा. तेल आणि वायू उद्योगासाठीच्या आयएसओ १४२२४ या मानकात उद्योगापासून सुट्या भागापर्यंत नऊ पायऱ्या आहेत. त्या सगळ्या प्रत्येकाला लागत नाहीत. ज्या भागाची स्वतंत्र दुरुस्ती होते किंवा ज्याचा इतिहास वेगळा बघायचा आहे, तिथपर्यंतच खाली जा. कपलिंगच्या (मोटर आणि पंप जोडणाऱ्या भागाच्या) रबराला वेगळा नंबर दिलात, तर फिटर कंटाळून सगळं वरच्या मशीनवर लिहील.

एकच स्पेअर पाच नावांनी

६२०५ बेअरिंग घ्या: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं हेच बेअरिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडून, म्हणजे एसकेएफच्या खोक्यावर २आरएसएच, एनएसकेच्या डीडीयू आणि एनटीएनच्या एलएलयू या अक्षरांसह येतं. स्टोअरमध्ये खोक्यावरचं नाव जसंच्या तसं भरलं, की रॅकवर माल असूनही स्क्रीन शून्य दाखवते आणि तातडीची खरेदी होते. एक कोड ठेवा, कंपन्यांचे नंबर त्याखाली जोडा. मात्र डोळे झाकून एकत्र करू नका. सी३ म्हणजे आतली मोकळीक जास्त असलेलं बेअरिंग, त्याचा कोड वेगळाच हवा.

मॅन्युअलमधलं प्रत्येक काम वेळापत्रकात टाकणं

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चाळीस कामं दहा मिनिटांत बंद झालेली दिसली, तर फिटरवर चिडण्याआधी वेळापत्रक बघा. ते माणसांच्या तासांत बसतच नसेल, तर खोटी टिक तुम्हीच मागितली आहे.

युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या भागांवरचा अहवाल दिला. त्यात वय वाढल्यावर बिघाड वाढण्याचा नमुना फक्त ११ टक्के भागांत आढळला, आणि ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता बसवल्यानंतर लगेचच सर्वाधिक होती. हे आकडे तुमच्या कारखान्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण चालू मशीन कारण नसताना उघडणं हाही धोकाच आहे, हे त्यातून नक्की कळतं.

तारखेचा हिशोबही तपासा. दर ९० दिवसांचं ग्रीसिंग २० दिवस उशिरा झालं आणि पुढची तारीख मूळ कॅलेंडरवरूनच धरली, तर ते ७० दिवसांनीच पुन्हा येतं. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं. अशा कामांची पुढची तारीख काम झाल्या दिवसापासून मोजा, कॉम्प्रेसरसारख्यांची चालू तासांवर. कायद्याने ठरलेल्या तपासण्यांची तारीख मात्र हलवू नका.

आणि ‘बेअरिंग तपासणे’ असं कधी लिहू नका. ‘तापमान मोजून लिहा, मर्यादेपेक्षा जास्त असल्यास कळवा’ असं लिहा आणि मर्यादेचा आकडा तिथेच द्या.

बिघाडाच्या कारणात ‘इतर’

दोनशे कारणांची यादी दिली, की बहुतेक नोंदी ‘इतर’मध्ये जातात. मशीनच्या प्रकारानुसार आठ-दहाच पर्याय दाखवा. लक्षण, कारण आणि केलेलं काम या तीन वेगळ्या जागा ठेवा. ‘मोटर ट्रिप’ (मोटर आपोआप बंद पडणं) हे लक्षण आहे. कारण म्हणून ते स्वीकारू नका. फिटरला कारण सापडलं नसेल, तर ‘कारण सापडलं नाही’ हा पर्याय हवाच. अंदाजाने निवडलेल्या कारणापेक्षा ती नोंद जास्त कामाची.

वेळेचंही तसंच. मशीन बंद पडलं, फिटर पोहोचला, स्पेअर मिळाला, मशीन पुन्हा सुरू झालं: या वेळा वेगळ्या ठेवा. सहा तासांच्या बंदमधले चार तास स्पेअरची वाट बघण्यात गेले असतील, तर प्रश्न स्टोअरचा आहे, आणि एकच आकडा ठेवलात तर दोष फिटरच्या माथी जातो. एकदा त्या आकड्यावरून कोणाला झापलं, की पुढच्या महिन्यापासून सगळ्या दुरुस्त्या अर्ध्या तासात होऊ लागतात. मग ती माहिती गेलीच समजा.

परवानगीची टिक म्हणजे कुलूप नव्हे

वर्क ऑर्डरवर (कामाच्या आदेशावर) ‘वीज बंद’ अशी टिक असली, तरी आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप आणि टॅग लावून, वीज खरंच नाही हे मोजूनच हात घालायचा. यात सवलत नाही.

आधीच बिघडलेलं सॉफ्टवेअर असेल तर

सगळा कारखाना एकदम सुधारायला जाऊ नका. सर्वात जास्त बंद पडणारी एक लाइन घ्या, तिची यादी प्रत्यक्ष फिरून पुन्हा करा, निरुपयोगी कामं काढा. शिफ्ट संपताना पंधरा मिनिटं नोंदीसाठी अधिकृतपणे द्या. दर आठवड्याला सुपरवायझरने बंद झालेल्या पाच वर्क ऑर्डर फिटरसोबत वाचाव्यात आणि त्याने कळवलेल्या दोषावर काय झालं, ते त्याला सांगावं. जुनी लॉगबुक कोणत्या तारखेला बंद होणार, तेही जाहीर करा. वही आणि स्क्रीन दोन्ही चालू राहिली, तर खरी नोंद वहीतच जाते.